साडेतीन लाखांचे भय : रामसे बंधूंच्या भयपटांचा इतिहास

#धागा #चित्रपटइतिहास

१/
सन १९७०. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि आपटला. निर्माते होते फतेहचंद उत्तमचंद रामसे. प्रेक्षकांना नेमके काय आवडले नाही हे पाहण्यासाठी त्यांचे दोन मुलगे, तुलसी आणि श्याम, चित्रपटगृहात जाऊन बसू लागले. तेथे त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. एरवी कंटाळून बसलेले प्रेक्षक एका प्रसंगाला मात्र सावरून बसत. चेहऱ्यावर भेसूर मुखवटा चढवलेले पृथ्वीराज कपूर वस्तुसंग्रहालयात चोरी करतात, तो प्रसंग. तो संपला की लोकांचे लक्ष पुन्हा उडे.

२/
मुलांनी वडिलांना सांगितले, संपूर्ण चित्रपटच त्या प्रसंगासारखा काढू. या एका निरीक्षणातून हिंदी भयपटाचा सर्वांत दीर्घजीवी कारखाना उभा राहिला. समीक्षकांनी ज्याला कचरा म्हटले आणि चित्रसृष्टीने ज्याला पंगतीत बसवले नाही, त्या रामसे बंधूंच्या भयपटांचा हा इतिहास. त्यांत दारिद्र्य होते, नक्कल होती, सवंगपणाही होता. तरीही पुढच्या पिढ्यांनी ते का जपले, हा या धाग्याचा प्रश्न आहे.

३/
प्रथम कुटुंबाविषयी. मूळ आडनाव रामसिंघानी. फाळणीपूर्वी कराचीत त्यांचे रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांना ‘रामसिंघानी’ उच्चारणे जड जाई, म्हणून त्याचे ‘रामसे’ झाले, असे कुटुंबात सांगितले जाते. फाळणीनंतर हे सिंधी कुटुंब मुंबईत आले. उखडलेल्या अनेक कुटुंबांप्रमाणे त्यांनीही प्रथम दुकान थाटले आणि मग चित्रपटाच्या जुगारात पैसा घातला.

४/
या टप्प्यावर एक मराठी दुवा आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. १९६३ चा ‘रुस्तम सोहराब’ हा रामसेंचा भव्य ऐतिहासिक धाटणीचा चित्रपट. सुरैया यांचा तो अखेरचा चित्रपट ठरला. त्याचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर, म्हणजे ‘रणांगण’ या कादंबरीचे लेखक. पुढे ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’चे दिग्दर्शनही बेडेकरांनीच केले. म्हणजे ज्या मुखवट्याच्या प्रसंगातून हिंदी भयपटाची ठिणगी पडली, तो मराठी कादंबरीच्या एका श्रेष्ठ शिल्पकाराच्या चित्रपटातला होता.

५/
त्याआधी हिंदी पडद्यावर भूत नव्हते असे नाही. ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४) या चित्रपटांत पांढऱ्या साडीतील स्त्री होती, धुके होते, अंगावर काटा आणणारे गाणे होते. परंतु शेवटी उलगडा होई तो मानवी कारस्थानाचा. भूत ही केवळ अफवा ठरे. या चित्रपटांना नामवंत नट होते, उत्तम संगीत होते आणि प्रतिष्ठाही होती. भयाला त्यांनी दिवाणखान्यात बसवले, पण त्याला रक्तमांसाचे शरीर दिले नाही.

६/
नेमक्या याच काळात अमेरिकेत मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर भयाला शरीर मिळत होते. हर्शेल गॉर्डन लुइस यांनी १९६३ मध्ये फ्लोरिडात ‘ब्लड फीस्ट’ काढला. खर्च २५ हजार डॉलरांच्या आत. कथा नाममात्र, अभिनय सुमार, पण पडद्यावर रक्ताचा सडा. रक्तरंजित भयपटांची परंपरा सामान्यतः या चित्रपटापासून मोजली जाते. मोठ्या कंपन्यांना जे दाखवण्याची लाज वाटे, तेच दाखवणे हे लुइस यांचे भांडवल होते.

७/
पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, पिट्सबर्ग परिसरात जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या मित्रांनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पूर्ण केला. प्रेतांनी वेढलेल्या एका शेतघराची ही कथा. प्रदर्शनाच्या वेळी शीर्षक बदलताना स्वामित्वहक्काची ओळ गळाली आणि चित्रपट कोणाच्याच मालकीचा राहिला नाही. निर्मात्यांचे त्यात मोठे नुकसान झाले. मात्र कोणीही तो दाखवू शकत असल्याने तो जगभर पोहोचला.

८/
या चित्रपटांचे गणित एकच होते. तारा परवडत नाही, तर राक्षसालाच तारा करा. सेट परवडत नाही, तर एकच घर निवडा आणि पात्रांना त्यात कोंडा. प्रकाशयोजना परवडत नाही, तर अंधार वापरा. अन्य कोणत्याही प्रकारच्या चित्रपटात दारिद्र्य उघडे पडते. भयपटात ते वातावरण बनते. रामसे बंधू मुंबईत स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते.

९/
वडिलांनी मात्र मुलांना लगेच कॅमेरा दिला नाही. कुटुंबाच्या आठवणींनुसार त्यांनी सातही मुलांना काश्मीरमध्ये एका हाउसबोटीवर नेऊन ठेवले. सोबत जोसेफ मॅसेली यांचे छायालेखनावरील गाजलेले इंग्रजी पाठ्यपुस्तक होते. तीच त्यांची चित्रपटशाळा. कुमार यांनी लेखन सांभाळले, गंगू यांनी कॅमेरा, किरण यांनी ध्वनी, अर्जुन यांनी संकलन आणि केशू यांनी निर्मितीची बाजू. दिग्दर्शन तुलसी व श्याम यांच्याकडे आले. बाहेरच्या माणसाला पगार देण्याची वेळच येऊ नये, अशी ही रचना होती.

१०/
१९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ प्रदर्शित झाला. चित्रीकरण झाले महाबळेश्वरला. कलावंत, तंत्रज्ञ आणि कुटुंबातील माणसे बसमध्ये बसून घाट चढली आणि सरकारी विश्रामगृहात उतरली. सुमारे ४० दिवसांत आणि साधारण साडेतीन लाख रुपयांत चित्रपट पूर्ण झाला. नटांचे कपडे बहुतांशी त्यांचे स्वतःचे होते. सेट उभारावा लागला नाही, कारण महाबळेश्वरचे धुके, जुने बंगले आणि झाडी हाच सेट होता. धुके फुकट होते, ही गोष्ट लहान नव्हती.

११/
चित्रपट चालला. ज्या वितरकांना मोठ्या ताऱ्यांचे चित्रपट परवडत नव्हते, त्यांना येथे स्वस्तात माल मिळाला. त्या काळी चित्रपटांच्या खरेदी-विक्रीचे एक केंद्र लॅमिंग्टन रोडवरील नाझ चित्रपटगृहाच्या आवारात होते. तेथे चित्रपटाची किंमत ठरे ती प्रामुख्याने नटाच्या नावावर. रामसेंच्या फलकावर मात्र नटाचे नाव बारीक अक्षरांत आणि राक्षसाचा जबडा मोठा असे. प्रेक्षकाने तिकीट काढायचे ते त्या जबड्यासाठी.

१२/
हे प्रेक्षक कोण होते? महानगरांतील उंची चित्रपटगृहे रामसेंसाठी नव्हती. त्यांची कमाई जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतून, दुय्यम चित्रपटगृहांतून, रात्रीच्या खेळांतून येई. पिटात बसून शिट्ट्या वाजवणारा, पडद्यावरच्या नायिकेला “मागे बघ!” असे ओरडून सांगणारा हा वर्ग होता. सेन्सॉरकडून बहुतेक चित्रपटांना प्रौढांसाठीचे ‘ए’ प्रमाणपत्र मिळे. निर्मात्यांना त्याचे दुःख नव्हते. फलकावरचे ते एक अक्षर म्हणजे आयती जाहिरात होती.

१३/
‘दरवाजा’ (१९७८), ‘सबूत’ (१९८०), ‘गेस्ट हाउस’ (१९८०), ‘दहशत’ (१९८१) असे चित्रपट येत गेले आणि साचा पक्का होत गेला. शहरातील तरुण-तरुणी मोटारीतून निघतात. वाटेत एक वृद्ध त्यांना परत जायला सांगतो. पुढे जुनी हवेली लागते आणि कंदील घेतलेला नोकर दार उघडतो. मधूनच विनोदी उपकथानक येते, गाणे येते, स्नानाचे दृश्य येते. मग मध्यरात्री दार करकरते आणि राक्षस उठतो. शेवटी गावकरी मशाली घेऊन धावतात, त्रिशूळ चमकतो आणि आग लागते.

१४/
भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांत भयानकाचा स्थायी भाव भय आणि बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा, म्हणजे किळस. शास्त्राने या दोहोंना शृंगार आणि वीर यांच्या पंगतीत बसवले. प्रतिष्ठित हिंदी चित्रपटाने मात्र बीभत्साला जवळजवळ वाळीत टाकले होते. रामसेंनी ती रिकामी जागा भरली. त्याच तिकिटात हास्य, शृंगार आणि भक्तीही दिली. पाश्चात्त्य समीक्षकाला ही सरमिसळ विस्कळीत वाटेल. जत्रेत वाढलेल्या प्रेक्षकाला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

१५/
१९८४ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी ब्रिटनच्या संसदेने चित्रफितींवर मिळणाऱ्या रक्तरंजित भयपटांना आळा घालण्यासाठी व्हिडिओ ध्वनिचित्रमुद्रणांचा कायदा संमत केला. अशा चित्रफितींनी मुले बिघडतात, असा तेथे गदारोळ उठला होता. त्याच वर्षी भारतात ‘पुराना मंदिर’ प्रदर्शित झाला आणि रामसेंच्या वाट्याला त्यांचे सर्वांत मोठे यश आले. मोहनीश बहल, पुनीत इस्सर आणि सदाशिव अमरापूरकर त्यात होते. पण लक्षात राहिला तो ‘सामरी’.

१६/
सामरीची भूमिका करणारे अनिरुद्ध अग्रवाल (श्रेयनामावलीत अजय अग्रवाल) हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता होते. असाधारण उंची आणि लांबट, कोरलेला चेहरा ही निसर्गाने दिलेली सामग्री. ज्या मुखवट्याला मोठा खर्च आला असता, त्याचे निम्मे काम त्यांच्या हाडांच्या ठेवणीनेच केले. पुढे शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’मध्ये ते बाबू गुज्जरच्या भूमिकेत दिसले. ज्याला अंधारात पाहून प्रेक्षक ओरडत, त्याच्या अभिनयाची दखल घेण्यासाठी समांतर चित्रपटाला दहा वर्षे लागली.

१७/
‘पुराना मंदिर’ची कथा नीट पाहण्यासारखी आहे. दोनशे वर्षांपूर्वी एक राजा सामरी या मांत्रिकाला देहदंड देतो. त्याचे शीर धडापासून वेगळे करून दोन ठिकाणी बंदिस्त केले जाते. मरताना सामरी शाप देतो की, शीर आणि धड वेगळे असेपर्यंत राजाच्या वंशातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. वर्तमानात त्याच वंशातला ठाकूर मुलीच्या प्रेमाला विरोध करतो. कारण तिचे लग्न म्हणजे तिचा मृत्यू, हे त्याला ठाऊक असते. वरवर खलनायक वाटणारा बाप आतून भेदरलेला असतो.

१८/
शिक्षा राजाने दिली, पण किंमत मोजली ती घराण्यातील स्त्रियांनी. हा योगायोग नाही. ‘वीराना’ (१९८८) मध्ये ठाकुराचा भाऊ चेटकिणीला मारतो आणि तिचा आत्मा घरातल्या मुलीच्या शरीरात शिरतो. ‘बंद दरवाजा’ (१९९०) मध्ये मूल होत नाही म्हणून हवालदिल झालेली ठकुराईन काळ्या पहाडीवरील पिशाच्चाच्या आश्रयाला जाते. त्याची अट अशी की मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी. पिशाच्चाने घातलेली ही अट त्या काळच्या अनेक घरांत न बोलता पाळली जात होती.

१९/
जमीनदारीचे कायदे स्वातंत्र्यानंतर रद्द झाले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. राजवाडे ओस पडले. रामसेंना हे वाडे भाड्याने मिळू लागले. कोकणातील मुरुडच्या जंजिरेकर नवाबाचा समुद्राकाठचा राजवाडा हे त्यांपैकीच एक चित्रीकरणस्थळ. सत्ता गेलेल्या वास्तूत, त्या सत्तेने पुरलेल्या पापाची कथा चित्रित होत होती. प्रतिष्ठित चित्रपट ठाकुराच्या मिशीचे कौतुक करत असताना, हे स्वस्त चित्रपट त्याच्या तळघरात काय पुरले आहे ते विचारत होते.

२०/
परंतु याची दुसरी बाजू झाकणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. जे चित्रपट स्त्रीच्या देहावर लादलेल्या शापाची गोष्ट सांगत, तेच तो देह फलकावर विकत. न्हाणीघरातील दृश्य कथेसाठी नव्हते, गल्ल्यासाठी होते. मांत्रिक, कुबडा, वेडा, आदिवासी यांचे चित्रण क्रूर आणि ठोकळेबाज होते. पाश्चात्त्य चित्रपटांतील प्रसंग आणि मुखवटे सर्रास उचलले जात. ‘महाकाल’ तर ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ची उघड नक्कल होता. शोषण आणि त्याचे दर्शन एकाच रिळात गुंडाळलेले होते.

२१/
यश आले की नक्कल करणारे येतात. ‘सामरी’ (१९८५) त्रिमितीत काढून रामसेंनी स्वतःच ते यश पुन्हा वापरले. पाठोपाठ मोहन भाकरी यांचा ‘खूनी महल’ (१९८७), विनोद तलवार यांचा ‘रात के अंधेरे में’ (१९८७) असे चित्रपट आले. खर्च आणखी घटला, रबराचे मुखवटे आणखी ढिले झाले. घरोघरी व्हिडिओ पोहोचत होता आणि भाड्याच्या चित्रफितींवर परदेशी भयपट मिळू लागले होते. प्रेक्षकाला आता तुलना करता येत होती.

२२/
रामसेंनी वेळ ओळखली. खाजगी दूरचित्रवाणी भारतात नुकतीच आली होती. १९९३ मध्ये तुलसी व श्याम यांनी ‘झी हॉरर शो’ सुरू केला आणि भूत थेट बैठकीच्या खोलीत आले. चित्रपटगृहात ज्यांना प्रवेश नव्हता, ती मुले आता पांघरुणाच्या फटीतून तेच चेहरे पाहू लागली. दशकाच्या अखेरीपर्यंत ही मालिका चालली. एका संपूर्ण पिढीची बालपणीची भीती या कार्यक्रमाने घडवली. पुढे रामसेंविषयी जो जिव्हाळा निर्माण झाला, त्याचे मोठे मूळ येथे आहे.

२३/
भारतात हे चित्रपट जुनाट म्हणून बाजूला पडत असताना परदेशातून वेगळी दाद आली. जगभरातील विचित्र चित्रपटांचा शोध घेणाऱ्या ‘माँडो मकाब्रो’ या ब्रिटिश संस्थेने २००६ च्या सुमारास ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ डीव्हीडीवर काढले. २०१२ मध्ये अशीम अहलुवालिया यांचा ‘मिस लव्हली’ कान महोत्सवात दाखवला गेला. त्याचा विषय होता १९८० च्या दशकात मुंबईत सवंग चित्रपट काढणारे दोन भाऊ. २०१७ मध्ये शाम्य दासगुप्ता यांनी रामसे कुटुंबावर ग्रंथ लिहिला. हसण्यावारी नेलेला विषय अभ्यासाचा झाला.

२४/
मग या चित्रपटांचे आकर्षण कशात आहे? ‘वाईट आहेत म्हणून हसू येते’ हे उत्तर अपुरे आहे. वाईट चित्रपट शेकडो निघतात आणि विसरले जातात. येथे प्रेक्षकाला निर्मात्याचा हात दिसतो. मुखवट्याची शिवण दिसते, लाल रंग रक्त नाही हे कळते, धुक्याच्या यंत्राचा पाइप कडेला डोकावतो. तरीही मध्यरात्री दार करकरले की छाती धडधडते. खोटे आहे हे ठाऊक असूनही घाबरणे, हा दशावतारातील संकासुर पाहणाऱ्या कोकणातील पोरालाही परिचित असलेला जुना आनंद आहे.

२५/
दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मोठ्या भांडवलाला भीती असते, कोणी दुखावेल का याची. लहान भांडवलाला गमावण्यासारखे थोडे असते. म्हणून समाज जे बोलत नाही ते अनेकदा या स्वस्त, अशिष्ट माध्यमातून बाहेर पडते. रोमेरोच्या शेतघरात एकट्याने प्रेतांशी झुंजून वाचलेला कृष्णवर्णीय नायक अखेरीस गोऱ्या माणसांच्या गोळीने मरतो. रामसेंच्या हवेलीत वंशाच्या अभिमानाची किंमत लेकी-सुना मोजतात. दोन्हीकडे राक्षस हे निमित्त आहे.

२६/
मराठीत याच दशकांत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी भयकथा लिहीत होते. वाचनालयांतून त्यांची पुस्तके हातोहात जात, पण साहित्यचर्चेत या प्रकाराला वरचे पान क्वचितच मिळे. धारपांच्या कथेच्या प्रेरणेतून पुढे ‘तुंबाड’ (२०१८) उभा राहिला आणि त्याची सर्वत्र वाहवा झाली. त्यातही वाडा आहे, हाव आहे, बापाकडून मुलाकडे जाणारा शाप आहे. ‘पुराना मंदिर’ ज्या तळघरात कंदील घेऊन उतरला होता, त्याच तळघरात ‘तुंबाड’ उत्तम दिवे घेऊन उतरला.

२७/
तुलसी रामसे डिसेंबर २०१८ मध्ये गेले, श्याम सप्टेंबर २०१९ मध्ये, कुमार २०२१ मध्ये. ज्या कुटुंबाने ४० दिवसांत चित्रपट काढण्याची विद्या आत्मसात केली, त्यातील मुख्य माणसे अशी एकेक करून निघून गेली. सवंग ठरवलेल्या चित्रपटांच्या मूळ प्रती जपण्याची निकड कोणाला वाटत नाही. पुरस्कार मिळालेले चित्रपट अभिलेखागारात जातात. पिटातल्या प्रेक्षकाचे चित्रपट गोदामात कुजतात.

२८/
इतिहास केवळ मान्यवरांच्या रुचीचा लिहिला, तर रात्रीच्या खेळाला बसलेला हमाल, गिरणी कामगार, तालुक्याच्या गावातला कॉलेजकुमार त्यातून वगळला जातो. तो कशाला घाबरत होता, हे प्रतिष्ठित चित्रपट सांगू शकत नाहीत. ते सांगायला महाबळेश्वरच्या फुकट धुक्यात काढलेला साडेतीन लाखांचा चित्रपटच लागतो.

(धागा समाप्त)